शनिवारची बादली, रविवारचं ताट

दिवस पहिला, गुरुवार : डॅलस ते इंडियानोला

बाबा सहा महिन्यांसाठी डॅलसला येतात तेव्हा पहिला महिना माझ्या कुंड्यांची सेवा करण्यात जातो आणि दुसरा ‘इथं पायी कुठं जाताच येत नाही’ म्हणण्यात. यंदा तिसऱ्या महिन्यात मी त्यांना एक गाणं ऐकवलं आणि अडकले.

गाणं ब्लाइंड विली जॉन्सनचं, ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. जेमतेम सव्वातीन मिनिटांचं. येशूच्या गेथसेमनी बागेतल्या, पकडला जाण्याआधीच्या रात्रीवरचं एक जुनं इंग्रजी स्तोत्र आहे, त्याची पहिली ओळ फक्त नावाला घेतलेली. बाकी शब्द नाहीतच. एक माणूस कण्हल्यासारखा गुणगुणतो आणि त्याच्या आवाजामागून गिटारची तार घसरत जाते. बाबा वाईच्या एका भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतात. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “शब्द विसरला काय हा?”

“नाही बाबा, म्हटलेच नाहीत त्यानं.”

“परत लाव.”

तीनदा लावलं. मग हा कोण, कुठला, कधीचा. मी सांगितलं : टेक्सासचाच. लहानपणी डोळे गेले, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून गायचा. १९२७ ते १९३० या काळात कोलंबिया कंपनीसाठी तीस गाणी गायला, सगळी देवाची. घर जळालं तरी त्या जळक्या घरातच राहत होता, तिथंच आजारी पडून १९४५ साली गेला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी पाठवली तिच्यावर हे गाणं आहे. आणि हे रेकॉर्ड झालं ते इथंच, डॅलसमध्ये, ३ डिसेंबर १९२७ ला.

यानाचं बाबांना काही विशेष वाटलं नाही. “इथंच म्हणजे कुठं? चल, बघून येऊ.”

डॅलसमध्ये बघण्यासारखं काही उरलेलं नाही. डीप एलम भागात एके काळी हा जॉन्सन, ब्लाइंड लेमन जेफरसन वगैरे मंडळी गायची. आता तिथं बार, भिंतींवरची चित्रं आणि पार्किंगची मारामारी. म्हणून मग मिसिसिपी डेल्टाची, म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या नदीकाठच्या कापसाच्या मुलखाची टूम निघाली. गुरुवार ते सोमवार. नवऱ्याला रजा नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला ती मिळवायचीही नव्हती.

श्रीव्हपोर्ट येईपर्यंत गाडीत माझी शिकवणी चालू. ब्लूज म्हणजे डेल्टातल्या काळ्या मजुरांचं गाणं : बाई, दारू, रेल्वे, मालक, पूर. गॉस्पेल म्हणजे त्याच लोकांचं चर्चमधलं गाणं. चर्चवाले ब्लूजला सैतानाचं संगीत म्हणायचे. आणि तरीही मोठमोठ्या ब्लूजवाल्यांनी देवाची गाणी गायली, त्याच गिटारवर, त्याच गळ्यानं.

“म्हणजे फडावरचा माणूस कीर्तनाला उभा राहिला.”

“तसंच काहीसं.”

“मग त्यात नवल ते काय? अनंत फंदीनं तेच केलं. अहिल्याबाईंनी कानउघाडणी केली म्हणून तमाशा सोडून कीर्तनाला लागला म्हणतात.” थोडा वेळ बाहेर बघून म्हणाले, “पण गळा कुठं बदलतो? त्याच्या कीर्तनात लावणी ऐकू येतच असणार.”

डबे भरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, कारण बाबा माळकरी आणि दक्षिणेत पालेभाजीसुद्धा डुकराच्या हाडावर शिजते. व्हिक्सबर्गला मिसिसिपी ओलांडली. कृष्णेकाठचा माणूस पूल संपेपर्यंत गप्प होता. त्यानंतर महामार्ग ६१ धरून उत्तरेला. जमीन इतकी सपाट की पाटावर पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येऊ नये. ऑक्टोबर अखेर, कापूस काढून झालेला. गुलाबी आणि पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे शेताच्या कडेला ओळीनं मांडलेले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उडालेला कापूस, शिमग्यानंतरच्या राखेसारखा पसरलेला. रोलिंग फोर्कला मार्च २०२३ च्या टॉर्नेडोच्या, भोवऱ्यासारख्या वादळाच्या खुणा अजून आहेत : पाया आहे, घर नाही. इंडियानोलाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

दिवस दुसरा, शुक्रवार : इंडियानोला, हॉली रिज, डॉकरी

बी. बी. किंग या ब्लूज गायकाचं म्युझियम २००८ साली उघडलं. किंग जिथं कामाला होता ती कापसाच्या जिनिंगची जुनी विटांची इमारतच म्युझियमचा भाग करून घेतली आहे आणि त्याची समाधीही आवारातच आहे. मी अशा ठिकाणी पाट्या वाचत बसते, बाबा वाचत नाहीत. ते हेडफोन लावून उभे होते.

लहानपणी किंगला गिटारचे पहिले धडे एका पाद्र्याकडून मिळाले, रेव्हरंड आर्ची फेअर. त्यानं तीन कॉर्ड शिकवल्या. मी बाबांना फोनवर पियानोचं ॲप काढून त्या तीन कॉर्ड वाजवून दाखवल्या. ते लगेच म्हणाले, “हे सा, म आणि प. तिघांना धरून जोडस्वर दिलेत, बाकी काही नाही.” बरोबर आहे. आणि गंमत अशी की ब्लूज याच तीन कॉर्डवर चालतं. पाद्र्यानं पोराला देवाच्या गाण्याची किल्ली म्हणून जी दिली तिनंच पलीकडचं दारही उघडत होतं.

मग त्यांनी हेडफोन काढले आणि जरा चिडूनच म्हणाले, “गंधार कुठला लावतोय हा? कोमल नाही, शुद्धही नाही. मधेच कुठंतरी.” तीच ती ब्लूजची जागा. तार ओढून किंवा तारेवर काच घसरवून मिळते, गळ्यातून तर सहज मिळते. पियानोवाले बिचारे दोन्ही पट्ट्या एकदम दाबून भागवतात. “पेटीवर ही जागाच नाही,” बाबा म्हणाले. आणि म्युझियममधून बाहेर पडताना, “चाळीस वर्षं चुकीचं वाद्य वाजवतोय.”

तिथून जवळच चर्च स्ट्रीट आणि सेकंड स्ट्रीटचा कोपरा आहे. विशीच्या आत-बाहेरचा किंग शनिवारी तिथं गिटार घेऊन बसायचा. तो पुढं ही गोष्ट आयुष्यभर सांगत आला : लोक देवाच्या गाण्याची फर्माईश करायचे, ऐकून डोक्यावरून हात फिरवायचे, ‘चालू दे पोरा’ म्हणायचे आणि निघून जायचे. ब्लूजची फर्माईश करणारा मात्र नाणं टाकून जायचा, कधी बिअरही पाजायचा. देवाच्या गाण्याला डोक्यावर हात, ब्लूजला खिशात हात. पुढं १९५९ च्या सुमारास नाव झाल्यावर त्यानं देवाच्या गाण्यांची अख्खी तबकडी काढली, तेव्हा हा हिशोब मिटला असावा. सैतानाबियतानाच्या गोष्टींपेक्षा मला हा कोपरा जास्त खरा वाटतो. तिथं आता बघायला फारसं काही नाही. एक कुत्रं होतं.

हॉली रिज इंडियानोलाच्या पश्चिमेला, चार घरांचं गाव. चार्ली पॅटन तिथल्या कब्रस्तानात आहे. रात्री पाऊस झाला होता. डेल्टातल्या काळ्या चिकणमातीला तिथं गम्बो म्हणतात, आणि मी, सातारा जिल्ह्यात वाढलेली बाई, त्या मातीत गाडी घालण्याचा शहाणपणा केला. पुढचं उजवं चाक बसलं. बाबा खाली उतरले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “बैल असते तर निघाली असती.” वीसेक मिनिटांनी एक पिकअपवाला थांबला. काही न विचारता साखळी लावली, ओढली, पैसे देऊ लागले तर हात हलवला आणि गेला.

पॅटनच्या थडग्यावर ‘डेल्टाचा आवाज’ अशा अर्थाची ओळ कोरली आहे. १९३४ साली गेला तेव्हा दगड नव्हता. हा दगड १९९० च्या सुमारास आला, जॉन फॉगर्टी या गायकाच्या पैशांतून. पॅटन म्हणजे डेल्टा ब्लूजचा मूळपुरुष. गिटार पाठीमागे धरून वाजवणारा, फडावरचा पक्का गडी. त्यानं जून १९२९ मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं, त्यातलं मरणाच्या प्रार्थनेचं गाणं दोन भागांत आहे. ती तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर पॅटनचं नाव नव्हतं. नाव होतं ‘एल्डर जे. जे. हॅडली’. म्हणजे चर्चचा कुणी वडीलधारा. त्याच्या आधी लेमन जेफरसनची देवाची गाणीही याच कंपनीनं ‘डीकन एल. जे. बेट्स’ नावानं काढली होती. डीकन म्हणजे चर्चचा सेवेकरी.

“नाव बदलून भजन?” बाबांना हे फारच आवडलं. “आमच्याकडं लोक नाव बदलून तमाशाला जातात.”

ही पॅरामाउंट मूळची विस्कॉन्सिनमधली खुर्च्या बनवणारी कंपनी. ग्रामोफोनच्या पेट्या बनवता बनवता तबकड्यांत शिरली. लाकडाच्या व्यापाऱ्याला सैतानाशी काय देणंघेणं? चर्चला जाणारी बाई पॅटनच्या नावाची तबकडी घरात ठेवणार नाही, एवढं त्याला कळत होतं. बाई हॅडलीची प्लेट न्यायची, बाईचा नवरा पॅटनची न्यायचा, गिऱ्हाईक दोन्हीकडून बांधलं. ज्या सीमारेषेवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली तिची एक बाजू अशी लेबलापुरती, कागदाची आहे.

पॅटनचं शेवटचं रेकॉर्डिंग १९३४ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये झालं. बायको बर्था लीबरोबर त्यानं ‘ओ डेथ’ म्हटलं. एप्रिलच्या २८ तारखेला गेला. ते मी थडग्यापाशी फोनवर लावणार होते, पण चिखलानं माखलेल्या चपला हातात घेऊन उभी होते. राहून गेलं.

डॉकरी फार्म्स तिथून तासाभरात. १८९५ साली विल डॉकरीनं वसवलेला मळा, पॅटन इथंच वाढला. जिनिंग, बियाण्यांचं कोठार, जुना पेट्रोलपंप असं सगळं नीट ठेवलंय. एक बटण आहे, ते दाबलं की मोकळ्या शेतात गाणं वाजायला लागतं. बाबांनी चारदा दाबलं.

याच मळ्यावर रोबक स्टेपल्स नावाचा पोरगा पॅटनचं ऐकून गिटार शिकला. त्याच्या भावाचं नाव सिअर्स. सिअर्स-रोबक ही टपालानं माल विकणारी कंपनी, तिच्या कॅटलॉगवरून पोरांची नावं, आणि डेल्टातल्या कित्येकांच्या गिटारीही त्याच कॅटलॉगातून आलेल्या. १९३६ मध्ये रोबक शिकागोला गेला आणि पुढं ‘पॉप्स’ स्टेपल्स म्हणून पोरांना घेऊन चर्चचीच गाणी गायला. त्यांचं १९५६ चं ‘अनक्लाउडी डे’ ऐका. गाणं स्वर्गाचं आहे, गिटार सरळसरळ डॉकरीची. ब्लूज न गाता ब्लूज वाजवलंय. मळ्यावरच्या सगळ्या गोष्टींत मला ही जास्त लागली, कारण इथं कुणी काही सोडलं नाही नि कुणी काही धरलं नाही. पोरानं पॅटनची गिटार उचलली आणि बापाच्या देवापुढं ठेवली.

दिवस तिसरा, शनिवार : क्लार्क्सडेल

क्लार्क्सडेलला दोन महामार्ग, ६१ आणि ४९, मिळतात तिथं खांबावर तीन निळ्या गिटारी लटकवल्या आहेत. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजवाल्यानं गिटार येण्यासाठी सैतानाला आत्मा विकला तो हाच चौक म्हणे. लोक फोटो काढत होते. आम्ही गाडीतून बघितलं, सिग्नल सुटला, पुढं गेलो.

डेल्टा ब्लूज म्युझियम १९१८ सालच्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. ब्लूज गायक मडी वॉटर्स ज्या लाकडी खोलीत राहायचा ती उचलून आत आणून ठेवलीय. पण मी आले होते सन हाउस या गायकासाठी. तो शेजारच्या लायन गावचा, जन्म १९०२. पंधराव्या वर्षी प्रवचन करायला लागला, विशीत बॅप्टिस्ट पाद्री झाला. गिटार हातात धरणाऱ्याचा त्याला तिटकारा होता. पंचविशीत एकदा कुणाला तारेवर बाटलीची काच घसरवताना ऐकलं आणि संपलं. त्यानंतर काही वर्षं हा गृहस्थ पाद्रीपण आणि ब्लूज यांच्यामधे हेलपाटे घालत होता. मधे एका माणसाच्या खुनासाठी पार्चमनच्या तुरुंगातही जाऊन आला. १९३० साली त्यानं ‘प्रीचिंग द ब्लूज’ म्हटलं. त्यात तो म्हणतो, मी धर्म घेणार, बॅप्टिस्ट पाद्री होणार, म्हणजे मग काम करायला नको. आतल्या माणसानं मारलेला टोला आहे. बाहेरच्याला तो सुचला नसता.

मग तो विस्मरणात गेला. १९६४ साली काही तरुण गोऱ्या चाहत्यांनी त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये शोधून काढलं. पुढच्या वर्षी कोलंबियासाठी त्यानं ‘जॉन द रेव्हेलेटर’ म्हटलं. गिटार बाजूला ठेवली. नुसता गळा आणि टाळी. हेच गाणं विली जॉन्सननं १९३० मध्ये अटलांटात म्हटलं होतं, गिटारसकट, एका बाईच्या साथीनं. मी दोन्ही गाणी बाबांना पाठोपाठ ऐकवली, आधी जॉन्सनचं, मग हाउसचं. त्यांचं मत : “पहिला कोपऱ्यावर उभा राहून गातोय, लोकांनी थांबावं म्हणून. हा दुसरा घरात गातोय.” नंतर म्हणाले, “पाद्रीच आहे अजून. सोडलं कुठं त्यानं?”

संध्याकाळी एका जूक जॉइंटमध्ये गेलो. जूक जॉइंट म्हणजे दारू, गाणं आणि नाच यांची गावठी जागा. हा होता पत्र्याच्या छपराखालचा, आत लाल दिवे, कधीकाळी दुकान असावं. स्टेज नाहीच. भिंतीशी एक गालिचा टाकलेला, त्यावर ड्रमवाला आणि साठीचा एक गिटारवाला, निळा सूट, पायात चकाकते बूट. बाबांनी नेहरू शर्ट आणि टोपी घातली होती. दारावरच्या बाईनं दोघांचे पैसे घेतले, टोपी बघितली आणि त्यांना पुढची खुर्ची दिली. बाबा कोकची बाटली मांडीवर धरून बसले, लग्नात नारळ धरून बसतात तसे.

गिटारवाल्याच्या पायाशी लोणच्याची पांढरी प्लास्टिकची बादली. चांगली पाच गॅलनची, कडेला चिकटपट्टी लावलेली, वर मार्करनं लिहिलेलं ‘टिप्स’. नाचणारे नाचता नाचता वाकून नोट टाकायचे.

दहाच्या सुमाराला एक गाणं संपलं, ड्रम थांबलाच नाही आणि पुढचं सुरू झालं. मी शब्द ओळखले : ‘यू गॉट टू मूव्ह’. श्रीमंत असो, गरीब असो, रस्त्यावरची बाई असो की पोलीस, देवानं बोलावलं की हलावं लागतं. कुणी काही जाहीर केलं नाही. स्वर तोच, ठेका तोच. तरुण नाचत राहिले. मागच्या टेबलावरच्या दोन वयस्क बायकांनी मात्र ग्लास खाली ठेवले आणि एकीनं तळवा वर केला. बाबा माझ्या कानाशी आले. “हे मघाचंच गाणं आहे की.”

“शब्द बघा ना बाबा.”

“शब्द तुला कळतात. मला मघाचंच ऐकू येतंय.”

मधल्या सुट्टीत गिटारवाला आमच्या टेबलाशी आला, मुख्यतः टोपीची चौकशी करायला. बाबांनी मला दुभाषी करून एकच प्रश्न विचारला : चर्चमध्ये वाजवता का? वाजवतो, पण बास गिटार, खर्जाची. साधी गिटार मेहुण्याकडं असते आणि मेहुणा ती सोडत नाही. घरगुती राजकारण सगळीकडं सारखंच. आम्ही उद्या कोमोकडं निघालोय म्हटल्यावर म्हणाला, तिकडंच बहिणीचं चर्च आहे, अकराला या, जेवूनच जा. बाबांनी उठताना बादलीत वीसची नोट टाकली. मी बघतच राहिले. हा माणूस मंडईत दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

दिवस चौथा, रविवार : कोमो, मग मेम्फिस

क्लार्क्सडेलहून पूर्वेला बेट्सव्हिलपाशी डेल्टा संपते आणि एकदम टेकड्या लागतात. कोमो म्हणजे रेल्वेच्या रुळांसमोर एका ओळीत उभं असलेलं गाव. चर्च गावाबाहेर, रस्त्याचं नाव नि चर्चचं नाव मी मुद्दाम देत नाही. चाळीसेक माणसं, सगळी ओळखीतली. आम्ही बिनबोलावल्यासारखेच गेलो होतो, पण पाच मिनिटांत आमच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे आले. पंख्यावर एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानाची जाहिरात. दाराशी पांढरे हातमोजे घातलेल्या बाईनं बाबांच्या टोपीकडं हळूच बोट केलं. कीर्तनात बोडक्या डोक्यानं बसायचं नाही, इथं टोपी घालून बसायचं नाही. बाबांनी टोपी घडी करून खिशात ठेवली आणि उरलेला वेळ डोक्यावरून हात फिरवत होते.

सुरुवातीला वाद्य नाही. ऐंशीच्या घरातला एक डीकन उठला. त्यानं स्तोत्राची एक ओळ भराभर, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. ती संपताच सगळ्यांनी ती उचलली आणि इतकी ओढली की एकेका अक्षरावर पाच-सहा स्वरांचं वळण. मग पुढची ओळ. याला तिथं ‘डॉक्टर वॉट्स’ म्हणतात. आयझॅक वॉट्स हा अठराव्या शतकातला इंग्रज स्तोत्रकार, पण स्तोत्र कुणाचंही असलं तरी ओढायच्या पद्धतीला नाव त्याचंच. पुस्तकं परवडत नव्हती आणि गुलामांना वाचू द्यायचेही नाहीत, त्या काळात एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी गायचं एवढीच सोय होती. विली जॉन्सनचं ते बिनशब्दांचं गुणगुणणं कुठून आलं ते मला इथं कळलं. ओळ कुणीतरी आधीच सांगून झालेली आहे, उरलंय ते ओढणं. बाबा पुढं झुकून ऐकत होते.

मग ड्रम, बास, ऑर्गन आणि मेहुण्याची गिटार. आमचा निळ्या सूटवाला आता करड्या सूटमध्ये, बास घेऊन मागं उभा. बूट तेच. त्यानं आमच्याकडं बघून हनुवटी हलवली, तेवढंच.

टाळ्या सुरू झाल्या. बाबा आपल्या सवयीनं समेवर टाळी देत होते, म्हणजे एक आणि तीनवर. सगळं चर्च दोन आणि चारवर. शेजारी जांभळी हॅट घातलेली एक आजी होती. तिनं दोन ओळी सहन केलं. मग न बघताच बाबांचं उजवं मनगट धरलं, एक मात्रा तसंच धरून ठेवलं आणि दोनवर सोडलं. परत धरलं, परत सोडलं. चौथ्या वेळेला बाबांना लागलं. ती हसली नाही, मान हलवून पुढं गायला लागली. सत्तर वर्षांची सवय एका आजीनं अर्ध्या मिनिटात मोडली. नंतर बाबा मला समजावून सांगत होते, जणू मी तिथं नव्हतेच : “आपण समेला टाळी देतो. हे समेला हात हवेत ठेवतात आणि पुढच्या मात्रेला पाडतात. म्हणून झोका मिळतो.”

वर्गणीचं ताट आलं. पितळेच्या रंगाचं, तळाला लाल मखमल लावलेलं, नाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. बाबांनी वीस डॉलर टाकले. मी माझे टाकले. बादलीत आवाज झाला होता का ते मला आठवेना.

जेवणात बाबांच्या वाट्याला मक्याची भाकरी आणि पीचचं गोड पक्वान्न आलं, दोनदा. पाद्र्यानं विचारलं, तुमच्याकडचं काही म्हणाल का? बाबा म्हणाले, घसा बसलाय. गाडीत मी विचारलं तर : “त्यांचा वार आहे. आपण कशाला मधे?”

कोमोजवळच हॅमंड हिल चर्चच्या आवारात मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेलची कबर आहे. शेतकरी माणूस. १९५९ साली लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स टेपरेकॉर्डर घेऊन आला तोवर बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. त्याचा काका बैलाच्या बरगडीचं हाड घासून तारेवर फिरवायचा. फ्रेडनं आधी चाकू, मग काच वापरली. शनिवारी लोकांच्या घरी नाचाला वाजवायचा आणि रविवारी हंटर्स चॅपल या चर्चमध्ये. १९६६ साली त्यानं चर्चच्याच मंडळींबरोबर देवाच्या गाण्यांची तबकडी केली. कालचं ‘यू गॉट टू मूव्ह’ जगाला माहीत झालं ते त्याच्यामुळं, आणि १९७१ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज बँडनं म्हटल्यामुळं. दगडाच्या मागं त्याच ओळी कोरल्या आहेत.

मी तिथं फोनवर फ्रेडचं गाणं लावलं. परवा पॅटनच्या थडग्यापाशी चिखलानं राहून गेलं होतं. तो ओळ अर्ध्यात सोडतो आणि उरलेली तार म्हणते, इतकी स्वच्छ की शब्द ऐकू आल्यासारखा वाटतो. बाबा म्हणाले, “टाळकरी आहे याच्या बोटात.”

हंटर्स चॅपलची आणखी एक गोष्ट आहे. मेम्फिसमधल्या रॉबर्ट विल्किन्सनं १९२९ मध्ये एक ब्लूज रेकॉर्ड केला, घर सोडून निघालेल्या, बायकांनी छळलेल्या पोराचा. पुढं १९३० च्या दशकात एका मैफलीत मारामारी झाली, त्याचं मन उडालं, तो पाद्री झाला. १९६४ साली त्यानं तेच गाणं पुन्हा म्हटलं, जवळजवळ दहा मिनिटं. चाल जिथल्या तिथं. शब्द मात्र बायबलमधल्या उधळ्या मुलाचे, घर सोडून गेलेला आणि बापाकडं परत आलेला. पोरगा तोच होता, फक्त आता त्याला बाप भेटला. स्टोन्सनी १९६८ साली हेही उचललं आणि सुरुवातीच्या प्रतींवर नाव स्वतःचंच टाकलं. या विल्किन्सचा मुलगा, रेव्हरंड जॉन विल्किन्स, पुढं कितीतरी वर्षं याच हंटर्स चॅपलचा पाद्री होता. गिटारही वाजवायचा. २०२० साली गेला.

बाबांना मी दोन्ही गाणी मेम्फिस येईपर्यंत ऐकवली. “फंदी,” एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

मेम्फिसला दुपारी स्टॅक्स म्युझियम. सोल या काळ्या लोकांच्या लोकप्रिय संगीताचं म्युझियम, पण आत शिरल्याबरोबर लागतं ते १९०६ सालचं लाकडी चर्च, तुकडे करून आणून पुन्हा उभं केलेलं. पाटीवर गाव : डंकन, मिसिसिपी. शुक्रवारी आम्ही त्याच डंकनवरून गेलो होतो. तेव्हा बाबा दशमी खात होते.

दिवस पाचवा, सोमवार : मेम्फिस ते डॅलस

लॉरेन मोटेल. खोली क्रमांक ३०६ च्या कठड्याला पांढरी-लाल फुलांची माळ, खाली त्या काळच्या दोन मोटारी. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग याच कठड्याशी उभे होते आणि खाली उभ्या असलेल्या बेन ब्रांच या सॅक्सोफोनवाल्याला सांगत होते, आज रात्री सभेत ‘प्रेशस लॉर्ड’ वाजव, छान वाजव. पुढच्या क्षणी गोळी लागली.

ते गाणं थॉमस डॉर्सीचं. जॉर्जियातल्या पाद्र्याचा मुलगा. तरुणपणी ‘जॉर्जिया टॉम’ नावानं मा रेनी या ब्लूज गायिकेच्या बँडमध्ये पियानोवर होता आणि १९२८ साली त्यानं टॅम्पा रेड या गिटारवाल्याबरोबर एक असं चावट गाणं केलं की घरोघरी गाजलं. मग तो देवाची गाणी लिहायला लागला, पण चाल ब्लूजचीच, म्हणून चर्चवाले दारात उभं करेनात. ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुइसला कार्यक्रमात असताना शिकागोला बायको बाळंतपणात गेली. मागोमाग बाळही गेलं. त्यानंतर त्यानं हे लिहिलं. चाल एका जुन्या स्तोत्राची होती, तिच्यात त्यानं आपली वळणं घातली. किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सननं तेच म्हटलं.

मी हे खाली, मोटारींच्या शेजारी उभी राहून सांगितलं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परतीचा रस्ता लांब आणि कंटाळवाणा, लिटल रॉकवरून. आर्कान्सॉत ब्रिंकलीचा फाटा आला तेव्हा मी सांगायचा प्रयत्न केला की इथून जवळ कॉटन प्लांट म्हणून गाव आहे, तिथली सिस्टर रोझेटा थार्प, विजेची गिटार घेऊन देवाची गाणी नाइटक्लबात गायची, चर्चवाले काय चिडले असतील. बाबा झोपले होते.

टेक्सारकानाला पेट्रोलसाठी थांबले. बाबांची वही डॅशबोर्डवर होती. ते प्रवासाचा हिशोब रोज लिहितात, शाळेतल्या नोकरीपासूनची सवय. मोटेल, म्युझियम तिकीट (ज्येष्ठ नागरिक, सवलत), कोक. पिकअपवाल्यासमोर लिहिलंय : घेतले नाहीत. आणि रविवारच्या पानावर, शनिवारची तारीखही कंसात घालून, एकच नोंद : भजन, २० अधिक २०, एकूण ४० डॉलर.

खाली एक ओळ मोकळी सोडली होती. मी तिथं पेट्रोलचे ३८ लिहिले आणि गाडी काढली.